बाप्पाला वीज देण्याचा मान

मी आज जो काही आहे तो काकूंमुळे. त्या माझ्या नात्यातल्या नव्हेत. नवे कारखाने आणि नव्या वसाहती उभ्या राहत होत्या त्या वर्षांत मी तालुक्याच्या गावातून इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन फरीदाबादला आलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. काका-काकूंनी मागची खोली भाड्याने दिली आणि आठवडाभरात जेवायला आपल्या टेबलावर बसवलं. संध्याकाळी काकू मेथी निवडत आणि मी त्यांना इंग्रजी पेपर मोठ्याने वाचून दाखवायचो. अडलो की अर्थ सांगत नसत. म्हणत, "पुढचं वाक्य वाच, मागचं आपोआप कळेल." सरकारी नोकरीच्या इंटरव्ह्यूला मी काकांचा कोट घालून गेलो, त्याच्या बाह्या काकूंनी आत दुमडून शिवल्या होत्या.

त्या काळी उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जायची. लाइनमन म्हणजे राजा. दिवाळीची पहिली मिठाई त्याच्या घरी जायची. पुढे राज्य सरकारची योजना आली: वसाहतीच्या गच्च्यांवर सौर पॅनेल, एका खोलीत बॅटऱ्या, घरोघरी स्मार्ट मीटर. बाहेरची वीज गेली तरी वसाहत आपल्या विजेवर चालणार. खर्चातला मोठा वाटा सरकारचा. ही योजना वसाहतींना समजावून सांगणाऱ्या कार्यालयात मी होतो आणि माझा तिच्यावर मनापासून विश्वास होता. आजही आहे. काकूंची वसाहत पहिल्याच यादीत आली.

हॉलमधल्या बैठकीत काकांनी विचारलं, "वीज गेली तर फोन कोणाला करायचा?"

"कोणालाच नाही, काका. सगळं आपोआप. कोणाच्या हातात काही राहत नाही."

"फिर तो लाइनमैन की मिठाई बच गई!" काकूंच्या शेजारच्या हरियाणवी ताई ओरडल्या आणि हॉलने हसत टाळ्या वाजवल्या.

तोवर काकूंची फुप्फुसं थकली होती. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं यंत्र दिवसातला बराच वेळ लावावं लागे.

वसाहतीत आम्ही मोजकीच मराठी घरं. पार्कात गणपती बसायचा. मांडवाची वीज दरवर्षी एकेका घरातून पाळीने जायची. मंडळाला वेगळं कनेक्शन मिळत नसे त्या काळातली ही रीत. पुढे कनेक्शन मिळू लागलं, पण वीज देण्याचा मान कोण सोडणार? त्या घरची बाई तारेला हळदीकुंकू लावायची, मगच दिवे लागायचे. त्या वर्षी पाळी काकूंची होती. काका म्हणाले, या वेळी राहू दे. काकू म्हणाल्या, "मान सोडायचा म्हणजे आजारपणाला घराचा मालक करायचं."

काकूंनी तारेला हळदीकुंकू लावलं, गणपती बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती चालू असताना बाहेरची वीज गेली. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच वसाहत पुन्हा उजळली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी मान ताठ झाली. आणि मांडव विझला.

वसाहत बॅटरीवर आली की प्रत्येक घराला थोडीच वीज मिळते. त्यापेक्षा जास्त ओढली की मीटर त्या घराची वीज तोडतं आणि थोड्या वेळाने पुन्हा जोडून पाहतं. मांडवाचे दिवे काकूंच्या मीटरवर होते.

"इंजिनिअर साहेब, तुमचं मीटर नास्तिक दिसतंय!" कोणीतरी म्हणालं. पोरांनी दुसऱ्या एका घरातले पंखे-फ्रिज बंद करून तिथून तार ओढली, मांडव उजळला, झांजा दुप्पट जोराने सुरू झाल्या. काका तबक हातात घेऊन उभे होते. मीही समाधानाने मांडवाकडे पाहत होतो. मग मागे वळलो, तर सगळ्या वसाहतीत एकच घर काळोखात होतं.

वीज गेली की ते यंत्र शीळ घालतं. झांजांमध्ये ती कोणाला ऐकू येणार?

काकू पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात रोवून बसल्या होत्या. ओठ निळसर झाले होते. अडीअडचणीला ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर नेमका भरायला गेला होता. मी मीटरकडे धावलो. पुन्हा पुन्हा तुटल्यामुळे त्याने स्वतःला अर्ध्या तासासाठी बंद करून घेतलं होतं. कंट्रोल रूमला फोन लावला.

"सर, सिस्टम खुद चालू करेगा."

"अंदर मरीज़ है!"

"सर, बिल्कुल समझ रहा हूँ। मेरे हाथ में कुछ नहीं है।"

माझंच वाक्य होतं ते. बैठकीत त्याला टाळ्या मिळाल्या होत्या.

गॅलरीच्या भिंतीवरून हाक आली. शेजारच्या ताई एक्स्टेन्शन बोर्ड पुढे करत होत्या. "तार पकड़ भैया, सोचना बाद में!" एका मीटरची वीज दुसऱ्या घरात न्यायला योजनेत मनाई आहे. मी तार ओढून घेतली. यंत्र सुरू झालं. काका धापा टाकत आत आले तेव्हा तबक अजून त्यांच्या हातातच होतं.

काकू काही दिवस हॉस्पिटलमध्ये राहिल्या. मग लेक येऊन दोघांना नाशिकला घेऊन गेली. "इथली लाइन नीट होईपर्यंत आई परत येणार नाही," ती मला म्हणाली. तिचं काय चुकलं?

मी वर लिहून पाठवलं: अशी यंत्रं असलेल्या घरांना न तुटणारी वेगळी लाइन द्या, आणि फोन केल्यावर काही करू शकेल असा माणूस ठेवा. आमचे साहेब वाईट नव्हते. सारा जन्म त्यांनी वीजचोरी पाहिली होती. म्हणाले, "एक को छूट दी ना यार, तो पूरा शहर मरीज़ बन जाएगा." तरी त्यांनी फाइल पुढे पाठवली.

दर रविवारी काकांचा फोन. "झालं का रे? ही बॅग भरून बसलीय."

पुढचा गणपती जवळ आला तेव्हा उत्तर आलं. एक सहकारी म्हणाला, काकूंच्या मीटरची मर्यादा गुपचूप वाढवून टाक, कोण बघतंय? पण ती वाढ सिस्टमच्या पुढच्या दुरुस्तीत आपोआप पुसली जाते. कधी, ते कोणालाच कळत नाही. त्या भरवशावर मी काकूंना बोलावणार होतो का? त्या दुपारी मी पत्र लिहिलं.

तीर्थस्वरूप काकू,

शिरसाष्टांग नमस्कार.

उत्तर आलं. न तुटणारी लाइन दवाखान्यांना आणि पाण्याच्या पंपाला मिळाली. घरांना नाही. रविवारी फोनवर काकांना सांगण्याआधी तुम्हाला कळवतो आहे. या गणपतीला येऊ नका.

मंडळाने या वर्षी स्वतःचं कनेक्शन घेतलं आहे. तुमच्या घरची तार गुंडाळून माझ्या कपाटात ठेवली आहे. हळदीकुंकू पुसलेलं नाही. तुळशीला शेजारच्या ताई पाणी घालतात आणि मला रोज विचारतात, "भाभीजी कब आएँगी?" हल्ली त्या दिसल्या की मी वसाहतीच्या दुसऱ्या दारातून निघून जातो.

मी पुन्हा अर्ज केला आहे. पुढचं वाक्य वाच म्हणायचात, पण ते अजून कोणी लिहिलेलंच नाही. लाइन लागली की न्यायला मी स्वतः येईन. तोवर बॅग उघडून साड्या बाहेर काढा, काकू. घडीवर विरतात.