चारचा आठ

अमेरिकेतल्या हर्नडनच्या शैलजाला नवरा गेल्याचं दुःख होत नव्हतं, आणि त्याचंच लोकांना फार दुःख होतं. गिरीशला जाऊन आठ महिने झाले, पण बाईच्या डोळ्यांत टिपूस नाही! मैत्रिणी यायच्या, हात धरून बसायच्या, एकदा रडून मोकळी हो गं, म्हणायच्या. रडू म्हणजे काय नळ आहे सोडायला? शैलजा त्यांना चहा द्यायची, त्या गेल्या की कप विसळून ठेवायची. वरणात मीठ आहे की नाही, हेही तिला कळेनासं झालं होतं.

एक काम मात्र ती नेमाने करत होती, ते गिरीशच्या गाडीचं. बहात्तर सालची हिरवी, दोन माणसांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिचं इंजिन पार कामातून गेलेलं. त्या जागी जपानी इंजिन बसवायचं, असा गिरीशने घाट घातला होता. केमोच्या दिवसांतही स्वारी मांडीवर पुठ्ठा घेऊन मापं लिहीत बसायची. पस्तीस वर्षं पुलांची डिझाइनं तपासलेला माणूस. तीनदा मोजल्याशिवाय त्याने कधी भिंतीला खिळा ठोकला नाही. त्याचं काम त्याच्याच मापांनी पुरं करायचं, एवढं शैलजाने धरून ठेवलं होतं. हौस कसली? दुसरं धरायला काही उरलंच नव्हतं.

गिरीशचा मापांचा कागद ओजसने, त्यांच्या मुलाने, गॅरेजवाल्याला वाचून दाखवला होता. त्याप्रमाणे इंजिन ज्यांवर बसतं ते माउंट वेल्ड झाले. शनिवारी सकाळी दोघांना बोलावणं आलं. इंजिन क्रेनला लटकत होतं, आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. माउंट चार इंच पुढे बसले होते, इंजिन थेट रेडिएटरवर आदळत होतं.

गॅरेजवाला भला माणूस. आजारपणात असं व्हायचंच, माणसाचं लक्ष कुठे थाऱ्यावर असतं, असं तो हळूच म्हणाला. ओजसनेही मान हलवली. आता हे सगळं कॅन्सल करू आणि गाडी आहे तशी विकून टाकू, असं त्याने सुचवलं.

शैलजाने कागद मागून घेतला. इंजिनच्या मागच्या पत्र्यापासून माउंटपर्यंत, २४ इंच. अकोल्याच्या मराठी शाळेत शिकलेला गिरीश जन्मभर आकडे मराठीतच लिहायचा. त्यातले दोन, तीन आणि शून्य इंग्रजीसारखेच दिसतात, म्हणून ओजसला शंका आली नाही. बापाचा मराठी चार पोराने इंग्रजी आठ वाचला होता. चोविसाचे झाले अठ्ठावीस!

सांगून काय मिळणार होतं? पोराला जन्माची टोचणी. मेलेल्याला काय, कुणी काहीही म्हणा. तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

ओजसने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"इट्स ओके, आई. बाबा वॉज सिक. शेवटी शेवटी त्यांना काही कळत नव्हतं."

आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी लागलं. राग आला, चांगला सणसणीत. गिरीशची कीव करायची? ह्यांनी?

"आजारी होता," ती पर्समधून कागद काढत म्हणाली, "पण चुकला नव्हता. हा आठ नाही, ओजस. चार आहे."

गॅरेजवाल्याने टेप लावली. चोवीस इंचांवर इंजिन नीट मावत होतं. ओजस कागद हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ही मराठी ओळ त्याला वाचता आली नव्हती, म्हणून त्याने तेव्हा सोडून दिली होती. आता ती काय आहे, ते त्याने विचारलं.

शैलजाचा राग आला तसा विरून गेला होता. किराण्याची यादी वाचावी तशी तिने ती ओळ वाचली.

"वेल्ड करण्याआधी ओजसला एकदा मोजायला सांगणे. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे."

वाचून झाल्यावर तिला वाटलं, वाचायला नको होतं. ओजसने गॅरेजवाल्याकडून टेप घेतली आणि गाडीत वाकला. पण हात असा कापत होता, की टेपचं टोक शैलजालाच धरावं लागलं.