जोरात मार!

कडक मिस्त्रीच्या जिभेला हाड नव्हतं आणि हाताला लगाम नव्हता. घर गरम करणारे हीट पंप बसवण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आत एक पेटी, बाहेर एक पेटी, मधे भिंतीतून तांब्याच्या नळ्या; काम एकदम चोख. घरी बायको आठवड्यातून एकदा तरी त्याचा मार खायची. तिचा सख्खा भाऊ मिस्त्रीच्याच हाताखाली कामाला, तो पोटासाठी मूग गिळून बसायचा. त्या सकाळी मिस्त्रीने तिचा ओठ फोडला, तेव्हा ती पहिल्यांदाच बोलली, "संध्याकाळी मी या घरात नसेन." मिस्त्री हसला. जाऊन जाऊन जाणार कुठे?

त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या घरची भिंत भलतीच चिवट निघाली. बारीक ड्रिल आरपार गेलं, मोठं अडकलं. मग मेव्हणा आतून छिन्नी मारू लागला आणि मिस्त्री बाहेर शिडीवर चढला. या धंद्यात सगळं मारावंच लागतं: भोक मारा, स्क्रू मारा, गॅस मारा. ठोके थांबले, तसा मिस्त्री खेकसला, "मार की! जेवला नाहीस का? जोरात मार!"

ठोके पुन्हा सुरू झाले. धप. धप.

"हां, अस्सं! अजून मार!"

"दाजी, कोणाला सांगताय?" मेव्हण्याचा आवाज खालून आला. "मी दुसरी छिन्नी न्यायला गाडीकडे आलोय."

मिस्त्रीने बोटभर भोकाला डोळा लावला. घरमालक बायकोचे केस धरून तिचं डोकं बाजूच्या भिंतीवर आपटत होता.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! तो पाना घेऊन आत घुसला. पहिल्या फटक्यात मालकाचा जबडा गेला, दुसऱ्यात दात. माणूस खाली पडला, तरी मिस्त्री थांबेना. शेवटी मेव्हण्याने पाना हिसकावला आणि अँब्युलन्सला फोन लावला.

बाईच्या कपाळातून रक्त वाहत होतं. ती मिस्त्रीकडे बघून म्हणाली, "बाहेरून तुम्हीच ओरडत होतात ना, अजून मार?"

मिस्त्रीला लाज वाटली, आयुष्यात पहिल्यांदा.

बाईला अँब्युलन्समध्ये चढवल्यावर मेव्हणा मिस्त्रीसमोर उभा राहिला. पाना अजून त्याच्याच हातात होता.

"दाजी, मी ताईला न्यायला चाललोय. आडवे येऊ नका."

मिस्त्रीने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.