अक्कांचे ना-हरकत पत्र

ते पत्र मी रविवारी दुपारीच लिहून ठेवले होते. शनिवारी सामना संपल्यावर त्याखाली सही करायची, एवढेच माझे काम उरले होते. मधले सहा दिवस ते माझ्या वहीत, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्याला लागून होते, आणि वही माझ्या पिशवीत. महाविद्यालयात तास घेतानाही पिशवी खुर्चीशी आहे ना, हे मी दोनदा पाहत असे.

बारामतीच्या आमच्या महिला हॉकी संघाची मी सचिव झाले ती खेळाडू म्हणून नव्हे, तर अक्षर बरे म्हणून. मी अर्थशास्त्र शिकवते. अडतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी चालायला सांगितले, म्हणून मी मैदानाच्या कडेने फेऱ्या मारू लागले. तिथे एका सकाळी संघातल्या सर्वांत जुन्या खेळाडूने, अक्कांनी, माझ्या हातात स्टिक दिली. मी ती दोन बोटांत धरली, तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, खडू न्हाय ह्यो. मूठ आवळा." सगळ्या मुली हसल्या. दुसऱ्या दिवशी जाऊ नये असे मला फार वाटले, आणि तरी मी गेले. संघात मी कधीच खेळले नाही. सरावाला एक माणूस कमी पडला की उजव्या कडेला उभी राहत असे. मात्र खेळाडूंच्या नोंदी नीट ठेवलेल्या नाहीत हे मला खटकले, आणि मी दोन रंगांच्या शाईने तक्ते आखले. हजेरी, मैदानावरची मिनिटे, गोलावर मारलेले फटके, गोल. असे तक्ते याआधी कुणी ठेवले नव्हते. मला त्यांचा अभिमान होता, हे कबूल केले पाहिजे.

त्याच तक्त्यांवरून अक्कांना इंदापूरच्या संघाला देऊन टाकायचे ठरले.

सलग दोन हंगाम आम्ही साखळीत तळाशी होतो. नवे प्रशिक्षक पुण्याहून आले, वयाने तिशीचे, मनापासून काम करणारे. संघ नव्याने बांधायचा तर कोवळ्या मुली हव्यात, असे ते म्हणत, आणि त्यात चूक काही नव्हते. इंदापूरच्या संघात बावड्याच्या दोघी होत्या, सतरा वर्षांच्या, वाऱ्यासारख्या धावणाऱ्या. तो संघ लोणी देवकरच्या एका कंपनीच्या आधाराने नुकताच उभा राहिलेला. त्यांच्याकडे पाय होते, पण मैदानावर चार शब्द सांगणारे जुने माणूस नव्हते. म्हणून देवघेव सुचली: त्या दोघी आम्हाला, अक्का त्यांना. जिल्ह्याची खेळाडू-नोंदणी सोमवारी बंद होणार होती. त्याआधी अध्यक्ष, प्रशिक्षक आणि सचिव अशा तिघांच्या सह्यांचे ना-हरकत पत्र हवे होते.

आमच्या अध्यक्षांना सगळे चाचा म्हणतात. त्यांचे सायकलचे दुकान आहे, आणि बैठका तिथेच, टांगलेल्या ट्यूबांखाली होतात. रविवारी प्रशिक्षकांनी माझ्या वहीतले अक्कांचे पान काउंटरवर उघडून ठेवले.

"दोन हंगाम. गोल एक. फटके तीन. मिनिटं मात्र सगळ्यांत जास्त," ते म्हणाले. "मी काही बोलत नाही चाचा, मॅडमचे आकडे बोलतात."

चाचांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे पाहिले. "व्हय का मॅडम? पंधरा वर्सं झाली तिला हितं."

"आकडे बरोबर आहेत," मी म्हणाले. तेवढेच म्हणाले. आकडे बरोबरच होते.

अक्का माळेगावच्या. घरचा ऊस, चार म्हशी, सासू, दोन मुले. सकाळी सगळे आवरून त्या स्कूटीवर मैदानावर येत आणि नऊच्या आत परत जात. एवढ्याच अटीवर घरातून त्यांचा खेळ चालू होता. लोणी देवकरला जाऊन यायचे म्हणजे रोज निम्मा दिवस. म्हणजे पत्रावर नाव इंदापूरच्या संघाचे असले, तरी त्याचा अर्थ त्यांचा खेळ संपला असाच होता. हे चाचांना ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. बैठकीत ते कुणीच उच्चारले नाही.

बुधवारी सरावाला प्रशिक्षकांनी पेनल्टी कॉर्नर घेतले. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. एक खेळाडू गोलरेषेवरून चेंडू जोरात ढकलते. गोलासमोरच्या अर्धवर्तुळाबाहेर दुसरी स्टिक आडवी टेकवून तो जागच्या जागी थांबवते, आणि लगेच तिसरी तो गोलात मारते. सगळे मिळून दोन-तीन क्षणांचे काम. टाळ्या तिसरीला मिळतात. आमच्या संघात मारणारी एक वीस वर्षांची मुलगी होती. माझ्या वहीतले बहुतेक गोल तिच्या नावावर. थांबवण्याचे काम अक्कांचे. त्या दिवशी प्रशिक्षकांनी त्यांच्या जागी एक नवी मुलगी उभी केली.

आमचे मैदान मुरमाचे आहे. पहिला चेंडू उसळून त्या मुलीच्या नडगीवर बसला. दुसरा स्टिकखालून गेला. तिसरा थांबला, पण हातभर पुढे, आणि मारणारीने हवेतच फटका मारला.

"होईल सवय," प्रशिक्षक म्हणाले.

"कवा?" मारणारी पुटपुटली.

मी वही उघडली. गोल, फटके, मिनिटे, हजेरी. मागची पाने चाळली. कोणत्या गोलाआधी चेंडू कुणी थांबवला होता, हे कुठेच नव्हते. मी तो रकाना आखलाच नव्हता. हालचालीच्या शेवटी जे दिसे तेवढेच मी लिहिले होते. उशिरा शिकलेल्या माणसाला शेवटच दिसतो. आणि आता मागे जाऊन ते भरताही येणार नव्हते. मारणारीला मी बाजूला घेऊन विचारले. ती म्हणाली, "अक्का चेंडू ठिवत्यात, मी मारते. त्यात काय लिवायचं, मॅडम?"

अक्का मैदानाच्या कडेला बसून बुटाचे बंद सोडत होत्या. मी जवळून जाऊ लागले, तशी त्यांनी मान वर केली.

"मॅडम, चिठ्ठी तुमीच लिवलीय म्हनं."

"हो," मी म्हणाले.

"काय लिवलंय?"

मला पत्र तोंडपाठ होते. संघाच्या पुनर्बांधणीच्या दृष्टीने सदर खेळाडूस मुक्त करण्यास संघाची हरकत नाही. मी ते हळू आवाजात म्हटले.

"आमीबी गोठा पाडून नवा बांदला गेल्या साली," त्या म्हणाल्या. "तवर म्हशी दिराकडं बांदल्या हुत्या. परत आनल्या पन." आणि हसून त्यांनी स्कूटीला किल्ली लावली. मला हसता आले नाही.

शनिवारी इंदापूरचा संघ आमच्या मैदानावर मैत्रीचा सामना खेळायला आला. सामन्यानंतर पत्रे बदलायची आणि त्या दोघी इथेच राहायच्या, असे ठरले होते. दोघी आपापल्या मोठ्या बॅगा घेऊनच जीपमधून उतरल्या. एकीने बॅगेला उशी बांधली होती.

अक्का नेहमीप्रमाणे अर्धा तास आधी आल्या. गोलरेषेपासून अर्धवर्तुळाच्या टोकापर्यंत, चेंडू ज्या वाटेने येणार त्या वाटेवरून, त्या वाकून चालल्या आणि खडे वेचून ओंजळीत घेत गेल्या. हे मी पाच वर्षे पाहत होते. मला वाटे, हा त्यांचा देवाला नमस्कार करण्यासारखा काही नेम असावा. त्या दिवशी मी पट्टी काढून वहीत एक नवा रकाना आखला. घाईत पट्टी सरकली आणि रेघ वाकडी आली.

पूर्वार्धात अक्का राखीव खेळाडूंत बसल्या. आम्हाला तीन कॉर्नर मिळाले, तिन्ही वाया गेले. इंदापूरने एक गोल केला, बावड्याच्याच मुलीने. उत्तरार्धात नव्या मुलीचा अंगठा सुजला आणि प्रशिक्षकांना अक्कांना उतरवावे लागले. पुढचे दोन्ही कॉर्नर मी नीट पाहिले. मारणारीकडे नाही, पहिल्यांदाच अक्कांच्या स्टिककडे पाहिले. चेंडू आला आणि थांबला. दोन्ही वेळा जणू त्याच खळग्यात. दोन्ही गोल झाले. मी मारणारीच्या नावापुढे दोन खुणा केल्या आणि अक्कांच्या नावापुढे, वाकड्या रेघेच्या रकान्यात, दोन.

सामना संपल्यावर दोन्हीकडची माणसे खुर्च्यांशी जमली. चाचांनी सही केली. प्रशिक्षकांनी केली. पेन माझ्याकडे आले.

"एक सांगायचे होते," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की चाचांनी कानामागे हात धरला. मला पुन्हा म्हणावे लागले. "माझ्या तक्त्यात एक रकाना नव्हता. चेंडू कोण थांबवते ते मी लिहिलेच नाही. आपण ज्या आकड्यांवरून ठरवले, ते बरोबर आहेत, पण अपुरे आहेत. चूक माझी आहे."

"मॅडम, एका सामन्यावरून?" प्रशिक्षक म्हणाले. "त्या छत्तीस वर्षांच्या आहेत. या दोघी सतरा. तुम्ही अर्थशास्त्र शिकवता!"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी वही पुढे केली, नवा रकाना दाखवला, आणि इथे माझ्या हातून दुसरी चूक झाली. इंदापूरच्या संघाचे व्यवस्थापक, एक हजरजबाबी गृहस्थ, वाकून वहीत पाहत होते.

"असं असंल तर आमाला पायजेतच की बाई!" ते म्हणाले. "दोन कशाला, तीन पोरी घ्या. ती गोलकीपर बी घ्या. करा सही मॅडम, लई झ्याक वही हाय तुमची."

प्रशिक्षकांचा चेहरा उजळला. आमच्याकडे धड गोलरक्षक नव्हती. मी अक्कांची बाजू मांडायला उठले होते आणि त्यांचा भाव वाढवून बसले होते. मैदानाच्या कोपऱ्यात त्यांची ती गोलरक्षक मुलगी पॅड सोडता सोडता थांबली होती; तिलाही कुणी विचारलेले नव्हते.

मी पेनाला टोपण लावले. "माझी सही लागते," मी म्हणाले. "आणि त्यांना आधी विचारल्याशिवाय मी ती करणार नाही." असे वाक्य मी आयुष्यात कुणासमोर बोलले नव्हते. आणि मी खाली बसले.

चाचा अक्कांकडे वळले. "बेटी, चूक झाली. तुलाच इचारलं न्हाय. तुझं काय?"

अक्का उभ्याच होत्या. उजव्या हाताची बोटे खरचटलेली होती, ती त्यांनी ओढणीत धरली होती.

"लोनीला जायाला मला जमायचं न्हाय, चाचा. ते तुमाला बी म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "हितं ठेवा, न्हायतर घरी जा म्हना. जाईन. पन दुसऱ्याच्या नावावर घरी धाडू नका."

चाचांनी माझ्या हातातून पत्र घेतले. दोन सह्या झालेले ते सुरेख अक्षरातले पत्र त्यांनी चार घड्या करून खिशात घातले. "न्हाय जमनार," ते व्यवस्थापकांना म्हणाले. "चहा घिऊन जावा."

जीप निघाली तेव्हा बावड्याच्या दोघी मागच्या बाजूला बॅगा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. उशीवाली रडत होती. तिला बारामतीत शिकायचे होते, असे मला नंतर कळले. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही, आणि त्या दिवशी मी योग्यच केले असे मी कुणाला ठामपणे सांगू शकत नाही.

त्या हंगामात आम्ही तळाचे नव्हतो; तळापासून दुसरे होतो. प्रशिक्षक पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलले. मग एका सकाळी ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. वहीतला तो रकाना त्यांनी बराच वेळ वाचला.

"हा रकाना सोडू नका," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी यावरूनच मी तुम्हाला दाखवीन की आता त्यांनी जायला हवं. तेव्हा कराल सही?"

"करीन," मी म्हणाले. ते मला खरेच वाटत होते.

अक्का चार पावलांवर खडे वेचत होत्या. त्यांनी ते ऐकले असावे. "तवा मीच सांगंन, सर. वहीची गरज न्हाय पडायची," असे त्या मान वर न करता म्हणाल्या, आणि अंगठा सुजलेल्या त्या नव्या मुलीला त्यांनी हाक मारली. "ए बाय, हिकडं ये. नुसती हुबी ऱ्हाऊ नको. हितनं तितवर, वाकून. बोटानं चाचप, डोळ्यानं दिसत न्हाईत समदे."

ती मुलगी वाकली. मी वही बाकावर ठेवली आणि त्यांच्या मागे, दुसऱ्या बाजूने, वेचत निघाले.