माझ्याच परीक्षणाविरुद्ध

कुणाच्या डब्यातून चित्रान्नाचा, म्हणजे आपल्या लिंबूभाताचा, आंबट-खमंग वास आला की मला बंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या जुन्या ऑफिसातली एक दुपार आठवते. काचेबाहेर रिंग रोडवर गाड्या खोळंबलेल्या होत्या आणि जेवणाच्या टेबलावर एका मांगा मालिकेची, म्हणजे जपानी चित्रकथेची, चर्चा चालली होती. तिची नायिका शेवटच्या भागात लढाई अर्धी टाकून घरी परत जाते. सुपरहिरोंची कॉमिक्स वाचणारा पुण्याचा एक सहकारी म्हणाला, “पळपुटी आहे ती. आमचे हिरो मरतात, पण रजा घेत नाहीत.” मी सहसा मत देत नाही, त्या दिवशी दिलं. “ती पळाली नाही, थकली होती.” “अगं, स्वल्प अभ्यास करून येत जा,” असं, ‘थोडा’साठी बंगळुरात उचललेला कानडी शब्द वापरत, म्हणून त्यानं फोनवरचं एक परीक्षण वाचून दाखवलं. नायिका भित्री निघाली, वाचकांची फसवणूक झाली, असं त्यात होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ते परीक्षण टोपणनावानं मीच लिहिलं होतं, कॉलेजात असताना, नोकरीतला थकवा ठाऊक नव्हता तेव्हा. “लिहिणाऱ्याला कळतं बघ,” तो म्हणाला. ते टोपणनाव माझं आहे असं सांगितलं असतं, तर माझी बाकीची परीक्षणंही त्या टेबलावर आली असती. “असेल,” म्हणून मी डबा बंद केला. अलीकडे त्या परीक्षणाखाली मी दुसऱ्या नावानं माझा विरोध नोंदवला. काल त्यावर कुणा अनोळखी वाचकाचं उत्तर आलं: आधी मूळ परीक्षण नीट वाचा.