गजऱ्याची पिन

लग्नाच्या हॉलबाहेर एका अनोळखी मुलीने माझ्यापुढे गजरा धरला. "काकू, जरा माळून देता?" तिच्या जाड वेणीत बोटं शिरली आणि जुन्या सवयीने आपोआप चालू लागली.

स्तनाच्या कॅन्सरवर केमो घेताना माझे केस एकदम गेले, तेव्हा सगळं घर हळहळलं होतं. ते परत आले. आता कॅन्सर परतू नये म्हणून घ्याव्या लागणाऱ्या रोजच्या हार्मोनच्या गोळीने हळूहळू विरळ होताहेत, तर घरचे म्हणतात, "बरी झालीस ना, मग केसांचं काय एवढं?" खरं आहे, म्हणून तर बोलताही येत नाही.

तिची वेणी मी गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ हातात धरली. शेवटी एक पिन कमी पडली, म्हणून माझ्या केसांतली काढली. सकाळपासून सारखी घसरणारी ती पिन तिथे पहिल्याच खेपेला घट्ट बसली.