चव्वेचाळिसावं पान

फोन परत हातात आला तेव्हा त्यावर एकवीस मिस्ड कॉल होते. दहा दिवसांच्या मौनशिबिरात पहिल्याच दिवशी फोन काढून घेतात, त्यामुळे जगात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. व्हरांड्यात उभं राहूनच घरी फोन लावला. चुलतबहीण सुमनने उचलला. "दादा, बाबा गेले रे... आज आठ दिस झाले. तुका किती फोन केले!" माझे भिवाकाका गेले, त्यांना अग्नी दिला गेला, अस्थी खाडीत सोडल्या गेल्या, आणि तेव्हा मी पाठ ताठ करून स्वतःचा श्वास न्याहाळत बसलो होतो. वर आणखी एक. शिबिर संपलं की सरळ गावी जायचं आणि काकांची माफी मागायची, हे मी तिथेच डोळे मिटून ठरवलं होतं. वर्षभर जमलं नव्हतं, आता नक्की, असं.

भिवाकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मी चार वर्षांचा असताना वडील वैशाखातल्या वादळात दर्यात गेले ते परतलेच नाहीत. मला वाढवलं काकांनी. मालवणच्या खालच्या अंगाला आमची मासेमारांची वाडी. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, म्हणून श्रावण लागला की नारळी पुनवेपर्यंत रोज दुपारी काकांच्या पडवीत पोथी लागायची. पुनव झाली की होड्या पाण्यात आणि पोथी लाल फडक्यात. काका ओवी वाचायचे, मग थांबून मालवणीत अर्थ सांगायचे. ऐकताना पुरुष जाळी दुरुस्त करत, बायका केरसुणीसाठी माडाच्या झावळ्यांचे हीर काढत. "कान हयसर देवा, हात कामात ऱ्हवांदेत," असं काकाच म्हणायचे. त्यांच्याही हातात जाळं विणायची बांबूची सुई असे, आणि वाचन थांबलं की तीच सुई खूण म्हणून पानांत ठेवत.

पोथी सुट्या पानांची, पणजोबांच्या वेळची. त्रेचाळिसाव्या पानानंतर एकदम पंचेचाळिसावं. तिथे आले की काका सांगत, "ह्यां पान कसरीन खाल्लां. पण माका पाठ आसा." आणि गोष्ट सांगत. राजा राज्य सोडून तपाला निघतो. वाटेत खाडी. होडी आहे, पण ती वल्हवणारा तारी नाही, त्याची बायको वाळूत बसलेली. नवरा दर्यात गेला तो आलेला नाही. राजा म्हणतो, मला पलीकडे सोड, मला देव भेटायचाय. ती म्हणते, माझा माणूस येईपर्यंत होडी हलायची नाही. राजा काय करणार? तिच्याजवळ वाळूत बसतो. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. एक शब्द बोलत नाही. चौथ्या दिवशी तिला रडू फुटतं आणि ती पाणी मागते. राजा करवंटीत पाणी आणायला जातो, तर पाण्यात देव. "आता खंय जातंस? तुझां तप झालां." एवढीच गोष्ट. माझी आई दर वर्षी या गोष्टीला हातातलं काम खाली ठेवून हात जोडायची. ती जाऊनही आता दहा वर्षं झाली.

मी शिकलो, पुण्यात नोकरी केली, आणि पन्नाशीत मला अध्यात्माचं वेड लागलं. शिबिरं, प्रवचनं, कानात यंत्र घालून ध्यान... सगळं करून पाहिलं. सुट्टीत गावी आलो की काकांना छळायचो. "काका, हजारो वर्षांमागच्या माणसांची पोथी. आमचे प्रश्न तेंका खंय ठावक होते?" काका हसायचे. "दर्यो तेव्हाचोच आसा मरे. मगे बुडणारे काय नवे आसत?" मला ते उत्तर फारच गावठी वाटायचं. निवृत्त होऊन गावी परतलो तेव्हा काकांची नजर अधू झाली होती. मी वाचायचं आणि काकांनी अर्थ सांगायचा, असं ठरलं. दोन श्रावण छान गेले.

मग माझ्यातला विद्वान जागा झाला. कसालच्या बाजारात त्याच पोथीची नवी छापील प्रत मिळाली. घरी येऊन आधी चव्वेचाळिसाव्या पानाच्या जागचा मजकूर काढून पाहिला. खाडी नाही, तारी नाही, त्याची बायको नाही. राजा सरळ अरण्यात जातो, हजार वर्षं तप करतो आणि देव प्रसन्न होतो. गप्प बसावं की नाही? नाही. गेल्या श्रावणात भरल्या पडवीत मी ते छापील पान वाचलं आणि वर म्हणालो, "काका, तुम्ही सांगता ती गोष्ट पोथीत नाहीच. इतकी वर्षं लोकांना चुकीचं सांगितलंत." घरी आम्ही मालवणी बोलतो, काकांना मी जन्मभर 'तू' म्हणत आलो. त्या दिवशी मुद्दाम पुण्याच्या मराठीत बोललो, कचेरीतल्यासारखं. जाळ्यांवरचे हात थांबले. काका सुईकडे बघत राहिले. "नाय...? मगे जां आसा तां वाच," म्हणाले. त्यानंतर त्यांनी अर्थ सांगितला नाही. मी तळटीपा वाचून दाखवायचो. तीन-चार दिवसांत पडवी अर्धी रिकामी झाली, आणि पुढे वाचनच बंद पडलं.

माफी मागणं सोपं होतं. घरं शेजारीशेजारी, रोज तोंड दिसायचं. पावसाचं बोलायचो, सुरमईचं बोलायचो, त्या गोष्टीचं नाही. मला वाटायचं, मी खरं बोललोय, मी का वाकू? हेच ते दहा दिवसांच्या शिबिरांत कमावलेलं शहाणपण!

तेराव्याला मी काकूसमोर बसलो आणि सगळं बोलून टाकलं. काकूने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुका ठावक नाय, तू ल्हान होतंस. तुझो बापूस गेलो तेव्हा तुझी आवस तीन दिस वाळूत बसान होती. पाणी घेय नाय, रडा नाय. हे तिच्या वांगडा बसले. एक शब्द बोलाक नाय. चौथ्या दिसा ती रडली... पण जेवाक काय बघी नाय. मगे श्रावणात पोथी लागली आणि तां खाल्लेलां पान इलां. ह्येंनी ती गजाल सांगली. त्या दिसा तुझी आवस पोटभर जेवली रे. मगे दर वर्सा सांगूकच लागली. कोणाचो ना कोणाचो माणूस दर्यार ऱ्हवताच." मला छप्पन्न वर्षांनी कळलं तो राजा कोण होता. मी काकूच्या पायांवर डोकं ठेवून रडलो. ती म्हणाली, "माका काय सांगतंस? तेंका सांगूचां होतां." खरंच होतं.

अर्थात पोथीत ते नव्हतं, आणि मी वाचलं ते खोटं नव्हतं. त्या हजार वर्षांच्या तपाला मी आजही हसत नाही. पण त्या पोथीमुळे काकांच्या पडवीत माणसं रोज एकत्र बसत होती, म्हणून तर आईपुढे बोलायला त्यांना जागा मिळाली. नुसतं समजावायला गेले असते तर तिने ऐकलं नसतं. पोथी आजच्या माणसाला उपयोगी आहे का, यावर मी आता वाद घालत नाही. मी तिच्यामुळे जेवलेल्या बाईचा मुलगा आहे.

वर्षाच्या आत घरात पोथी लावावी का, अशी कुजबुज झाली. काकूच म्हणाली, "होड्ये वर आसत ना? मगे पोथी लागतली." म्हणून या श्रावणात मी काकांच्या जागी बसलो. नवी प्रत घरीच ठेवली. त्रेचाळिसावं पान संपलं, उलटलं, तर पुढे काकांची सुई. गेल्या श्रावणात वाचन बंद पडलं तेव्हा त्यांनीच ती ठेवली असणार. मी ती उचलून हातात घेतली. मी सांगायला लागलो, "ह्यां पान कसरीन खाल्लां..." मध्येच चुकलो, राजाला दोनच दिवस बसवलं. कोपऱ्यातली म्हातारी मथुरा लगेच म्हणाली, "दोन न्हय रे, तीन दिस!" मी दुरुस्त केलं. करवंटीपर्यंत आलो तेव्हा मथुराने हातातला हीर खाली ठेवून हात जोडले होते.

संपल्यावर शेजारची नवी सून मोबाईल घेऊन जवळ आली. माहेर इन्सुली गावचं, नवरा बोटीवर असतो. "काकानु, ही गजाल खयच्या पानार आसा? माका फोटो काढूचो आसा." मी त्रेचाळिसावं पान एका बाजूला केलं, पंचेचाळिसावं दुसऱ्या, आणि मधल्या रिकाम्या लाल फडक्यावर सुई ठेवली.

"ह्या पानार," मी म्हटलं.