तोंड मिटलेला एकच फोटो

"साहेब, म्या टायपिंग पास हाय. मराठी तीस, इंग्रजी चाळीस."

नाव पुकारलं की तो कुबडी टेकत स्टेजच्या चार पायऱ्या चढायचा, पाहुण्यांच्या हातातला लिफाफा घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडं बघायचं सोडून पाहुण्यांच्या कानाशी झुकून हे वाक्य म्हणायचा. नेमकं तेव्हाच माझं बटण दाबलं जायचं. त्यामुळं माझ्याकडच्या त्याच्या जवळजवळ सगळ्या फोटोंत त्याचं तोंड उघडं आहे.

तुम्हीही त्याला पाहिलेलं असणार. धाराशिवला रोजगार मेळावा झाला की दुसऱ्या दिवशी पेपरच्या जिल्ह्याच्या पानावर एक फोटो येतो. मधे पाहुणे, त्यांच्या हातात लिफाफा आणि तो घेणारा एक कुबडीवाला. तो हाच. तुम्ही चहाचा कप हातात धरून म्हणाला असाल, चला, एकाचं तरी भलं झालं. हे काम धरायच्या आधी असे फोटो बघून मीही तेच म्हणायचो. सरकारी कार्यक्रमांचे फोटो काढणं हा माझा धंदा, आणि बस स्टँडजवळ माझा लहानसा स्टुडिओ आहे.

तो तामलवाडीकडच्या एका खेड्यातला. तुळजापूरला एसटी बदलून यायचा. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेलेला. बी.ए. झालेला, टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात कंगवा, आणि सर्टिफिकेटांची फाईल दोरी लावून गळ्यात अडकवलेली, कारण एक हात कुबडीला लागायचा. स्टेजवर जायच्या आधी तो माझ्याकडं येऊन केस विंचरायचा. "बराय का दादा? हापिसात बसल्यावानी दिसतोय का?" मी म्हणायचो, "साहेबच दिसतोस." तो खूश व्हायचा.

पहिल्या मेळाव्यात लिफाफा घेऊन तो स्टेजच्या मागच्या बाजूला उतरला, तर तिथं एक कारकून हात पुढं करून उभा. "द्या तो इकडं."

याला वाटलं, नोंद करायची असेल. यानं दिला. कारकुनानं तो गठ्ठ्यात घातला.

"अहो, माझी ऑर्डर हाय ती."

"ऑर्डर कसली? प्रातिनिधिक आहे. पुढच्याला द्यायचाय."

आत कोरा कागद होता. मला ठाऊक होतं, सकाळी ते लिफाफे भरताना मी तिथंच उभा होतो. पण याच्या आईनं त्याच सकाळी गल्लीत साखर वाटली होती. यानं घरी जाऊन सांगितलं, ऑर्डर पोस्टानं येणार आहे. त्यानंतर कितीतरी महिने ती माउली पोस्टमनला वाटेत अडवून विचारत होती.

दुसऱ्या खेपेला मात्र खरं पत्र निघालं. पुण्याच्या एका कंपनीत सुरक्षारक्षक. बारा तास उभं राहायचं काम, आणि ते कुणाला, तर कुबडीवाल्याला! पत्र काढणाऱ्यानं त्याच्याकडं एकदा डोळे उघडून पाहिलं असतं तरी पुरे होतं. तरीही हा गेला. गेटवरच्या माणसानं विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलं?" हा म्हणाला, "सरकारनं." तो माणूस इतका हसला म्हणे, की शेवटी यालाही हसू आलं. ही हकिकत तो मला रंगवून सांगायचा. मला हसू येत नसे. त्या वर्षीच्या अहवालात 'नोकरी मिळालेले' या रकान्यात त्याचं नाव आहे. त्या यादीचा फोटो मीच काढला आहे.

मी एकदा वैतागून म्हणालो, "कशाला येतोस रे दर वेळी? शोभेला बोलावतात तुला."

"ठाव हाय की," तो शांतपणे म्हणाला. "पर दादा, हापिसात गेलो तर शिपाईच दारातनं परत लावतो. हितं साहेब सोता माझा हात हातात घेतो. कानाच्या इतक्या जवळ आपल्याला कोण येऊ देतं? एखाद्याच्या तरी कानात जाईल."

एकाच्याही गेलं नाही. मी इतकी वर्षं भिंगातून पाहिलं आहे, मला विचारा. तो कानाशी बोलायचा आणि पाहुणे माझ्याकडं बघून हसायचे. कुणी "वा, वा" म्हणायचं, कुणी "करू, करू". एकानं तर "देव तुम्हाला बळ देवो" असं म्हणून पाठीवर थाप मारली, तेव्हा कुबडी घसरून तो पडता पडता राहिला. मागून संयोजक ओरडत असायचे, "कुबडी पुढं घ्या, कुबडी! दिसली पाहिजे." मग भाषणं. वंचित घटक, सर्वसमावेशक धोरण, राखीव जागांचा अनुशेष. अनुशेष हा शब्द मी इतक्यांदा ऐकला आहे की तो भरायचा असतो हेच विसरून गेलो. आणि ज्यांच्यासाठी म्हणून मांडव घातला, त्यांना चढायला स्टेजला एक साधी फळी कधी लावली नाही.

"आधी अपंग व्हतो, आता दिव्यांग झालो," तो म्हणायचा. "बढती मिळाली बघा. नोकरी तेवढी राहिली."

तो रिकामा बसलेला नव्हता. तुळजापुरात ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात तो मदतीला असायचा. त्यानं भरलेल्या फॉर्मवर गावातली पोरं पोलिसात लागली, एक मुलगी तलाठी झाली. तिनं पेढे आणले तेव्हा त्यानं त्यातला एक माझ्यासाठी कागदात बांधून आणला होता. त्याच दिवशी माझ्याकडचा कॉम्प्युटरवाला आला नव्हता आणि लग्नपत्रिका अडकली होती. हा खुर्चीवर बसला, कुबडी टेबलाला टेकवली आणि माझ्याशी बोलत बोलत पत्रिका टाइप केली. कीबोर्डकडं पाहिलंही नाही. एक वेलांटी चुकली नाही. हा माणूस किती कामाचा आहे हे मला तेव्हा कळलं. दोन माणसं आपल्याला परवडत नाहीत, असं मी मनाशी म्हणालो आणि त्याला चहा पाजून एसटीत बसवलं. साहेब लोकांना शिव्या घालताना हेही सांगायला हवं, म्हणून सांगतो.

त्याचा शेवटचा मेळावा आला तेव्हा त्याला पंचेचाळीस पुरी व्हायला चार महिने राहिले होते. दिव्यांगांना सरकारी नोकरीचं दार तिथं बंद होतं. मुंबईहून मोठे साहेब येणार होते. आदल्या दिवशी संयोजकांनी मला बोलावून झापलं. "त्या लंगड्याचं तोंड दर फोटोत उघडं येतं. यंदा नीट फोटो आला नाही तर पुढचं काम दुसऱ्याला."

मी त्याला मांडवाच्या कडेला घेतलं. "आज तेवढं तोंड मिटून घे. मी हात खाली केला की मग काय बोलायचं ते बोल."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "माझ्यामुळं तुमचं काम अडतंय व्हय?"

"अडतंय."

"मग न्हाय बोलत."

नाव पुकारलं. तो चढला, लिफाफा घेतला आणि ओठ घट्ट मिटून सरळ माझ्याकडं बघत उभा राहिला. मी डावा हात वर धरला होता. पहिला फोटो घेतला, दुसरा घेतला. आणि तेवढ्यात ते मोठे साहेब त्याच्याकडं वळून म्हणाले, "काय शिकलात आपण?"

इतक्या वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं. मला ते ऐकू आलं. त्यालाही आलं, कारण त्याच्या मानेची शीर ताठ झालेली भिंगातून दिसली. पण त्याचे डोळे माझ्या हातावर होते. आणि मी, मेल्यानं, हात खाली केला नाही. आणखी एक घ्यावा म्हणून तसाच धरून ठेवला. मी हात काढला तोवर पुढचं नाव पुकारलं गेलं होतं आणि साहेब दुसऱ्या लिफाफ्याकडं वळले होते.

तो खाली आला. लिफाफा न मागताच कारकुनाच्या हातात ठेवला.

"आला का चांगला?" त्यानं विचारलं.

"आला."

"चला, तुमचं तरी काम झालं."

यात टोमणा असता तर बरं वाटलं असतं. नव्हता. त्याला खरंच बरं वाटलं होतं, आणि याचा मला आजही राग येतो. त्याचा येतो, त्याहून माझा येतो.

पुढच्या मेळाव्याच्या फ्लेक्सवर तोच फोटो छापला. पंधरा फुटी, स्टँडसमोर, 'संधी सर्वांना'. तोवर त्याची पंचेचाळीस उलटली होती. फ्लेक्सखाली उभा राहून तो म्हणाला, "बघा दादा, फलकावर पर्मनंट झालो." त्या खेपेला त्याला स्टेजवर बोलावलं नाही. वय बसत नव्हतं.

त्याच पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. पंधरा दिवसांत तो गेला. मला कळलं ते त्याची आई स्टुडिओत आली तेव्हा. एकटीच, दोन एसट्या बदलून.

"भाऊ, त्याचा फोटू द्या. लावायला घरात एक बी न्हाय."

मी फ्लेक्सवालाच फोटो काढला. स्वच्छ, समोर बघणारा, तोंड मिटलेला. म्हणालो, "मावशी, लिफाफा आणि साहेब काढून टाकतो. नुसता तो ठेवतो."

तिनं बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"ह्यो न्हाय. ह्यो गप हाय. माझं पोरगं असं गप कधी व्हतं?"

मी जुने फोटो एकेक दाखवत गेलो. एकावर तिनं बोट ठेवलं. पाहुण्यांकडं झुकलेला, तोंड उघडं. "ह्यो द्या." लिफाफा, साहेब, साहेबांचा हात, मागचा फलक, सगळं मी पुसलं. कुबडीपाशी आलो तसं ती म्हणाली, "ती ऱ्हाऊ द्या. ती त्याची सोताची व्हती."

वर्षश्राद्धाला मी गेलो होतो. फोटो दारासमोरच्या भिंतीवर आहे, हार घातलेला. उघड्या तोंडाचा माणूस फ्रेमच्या कडेकडं झुकून, तिथं नसलेल्या कुणाला तरी काहीतरी सांगतो आहे. आलेल्या एका पाहुणीनं विचारलं, "असला कसला फोटू लावलाव? काय करायलाय त्यो?"

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "काम मागायलाय."